सुपासारखे कान

ऐकता ऐकता एक हात कानाकडे न्या. कानाची बाहेरची दुमडलेली कड बोटाला लागेल. तिच्या आतल्या बाजूला दुसरा एक उंचवटा आहे, वर जाऊन तो दुभंगतो. सापडला? आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या उंचवट्याविषयी. बाळ आईच्या पोटात असताना या उंचवट्याची घडी नीट पडली नाही, तर कानाचा वरचा भाग सपाट राहतो आणि बाहेर डोकावतो. काहींची घडी ठीक असते, पण भोकाभोवतीची वाटी खोल असते आणि ती सगळा कानच पुढे ढकलते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकत्र असतात. कानाची कड डोक्यापासून साधारण दीड ते दोन सेंटिमीटरवर असते. अंतर त्याहून बरंच वाढलं की लोकांच्या नजरेत भरतं, आणि मग शाळेत नावं पडतात.

गुरुजींनी कान ओढले म्हणून, किंवा झोपेत कान दुमडला म्हणून असे कान होत नाहीत. भिंतीवरचा आजोबांचा फोटो पाहा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. या कानांना ऐकू कमी येत नाही, जास्तही येत नाही. गणपतीला आपण शूर्पकर्ण म्हणतो, सुपासारख्या कानांचा, आणि हात जोडतो. म्हणजे हा आजार नव्हे, एवढं आधी पक्कं धरून चला.

तरीही आईबाप विचारतात, काही करता येतं का? येतं. आणि त्याची सर्वांत सोपी वेळ नेमकी हातातून निसटते. नवजात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली इस्ट्रोजेन संप्रेरकं काही दिवस असतात, त्यामुळे कानाची कूर्चा ओल्या मातीसारखी मऊ असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कानात लहानशी मऊ पट्टी बसवून आणि त्वचेला न सोसणारा ताण टाळून चिकटपट्टीने कान काही आठवडे तसाच धरून ठेवला, तर पुष्कळदा घडी कायमची बसते. सुरी नाही, भूल नाही. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई नाक वर ओढतात, कान मागे दाबतात, तेव्हा त्यांची वेळ बरोबर असते. फक्त दोन मिनिटांच्या दाबाने काम होत नाही, आकार रात्रंदिवस धरावा लागतो. घरच्या घरी साध्या चिकटपट्टीने हा प्रयोग करू नका, बाळाची कातडी सोलवटते. कानाचा आकार वेगळा दिसला तर बारशाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन वर्षांच्या मुलाचे कान रात्री पट्ट्याने बांधून ठेवणारे पालक मला भेटतात. त्या वयात याचा काहीही उपयोग होत नाही, मुलाची झोप तेवढी मोडते.

ही वेळ गेली, तर पुढे शस्त्रक्रिया. पाच-सहा वर्षांपर्यंत कान मोठ्या माणसाच्या कानाच्या जवळपास पंच्याऐंशी टक्के वाढलेला असतो, म्हणून त्याआधी आम्ही सर्जन सहसा हात लावत नाही. त्यानंतर वयाची वरची मर्यादा नाही. न्यूयॉर्कच्या एडवर्ड एली यांनी १८८१ मध्ये अशा कानांवरच्या शस्त्रक्रियेची नोंद केली, तेव्हा कातडीसह कूर्चेचा तुकडाच काढला जाई. स्कॉटलंडमध्ये काम करणारे जॅक मस्टार्डे यांनी १९६३ मध्ये टाके घालून घडी पाडण्याची पद्धत मांडली. वाटी मागच्या हाडाकडे टाक्यांनी ओढून घेण्याची फर्नास यांची पद्धत १९६८ ची. आजही आम्ही मुख्यतः हेच करतो. छेद कानाच्या मागे असतो, त्यामुळे व्रण झाकला जातो. लहान मुलांना पूर्ण भूल, मोठ्यांना कानापुरतं इंजेक्शन. तास-दीड तासाचं काम.

(फाटलेल्या पाळीचा विषय वेगळा. ती जोडण्याचे पंधरा प्रकार सुश्रुतसंहितेत आहेत, आणि जड दागिन्यांनी पाळी लोंबलेल्या आजीबाई आजही आमच्याकडे येतात.)

आता जरा कान देऊन ऐका. ऑपरेशननंतर दोन्ही कान थोडे ठणकणारच. पण पहिल्या एक-दोन दिवसांत एकच कान जोरात, गोळीला दाद न देता दुखू लागला, तर पट्टीखाली रक्त साचलं असू शकतं. रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. साचलेलं रक्त आणि जंतुसंसर्ग कूर्चा बिघडवतात. सावळ्या त्वचेत व्रण जाड होऊन वाढण्याची, म्हणजे कीलॉइडची, शक्यता जास्त असते. कुणाला लशीच्या किंवा कान टोचल्याच्या जागी तसा गोळा आला असेल तर आधीच सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, मनाने बंद करू नका. पट्टी सुटल्यावर काही आठवडे रात्री मऊ पट्टा बांधायचा, कबड्डी आणि पोहणं लांब ठेवायचं. दोन्ही कान तंतोतंत सारखे होणार नाहीत, निसर्गानेही ते तसे केलेले नसतात. क्वचित एखादा टाका सुटून कान पुन्हा पुढे येतो.

आरोग्यविमा सहसा अशा शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही. जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो पाहून जाऊ नका, डॉक्टरांची पदवी विचारा. विचारायची लाज कसली? आणि लग्न वीस दिवसांवर आल्यावर मुलाला किंवा मुलीला घेऊन येऊ नका. मी नाही म्हणतो.

मूल आलं की मी आधी त्याच्याशी बोलतो, पालकांशी नंतर. एकदा एक गृहस्थ नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले. वर्गात याला फार चिडवत असणार, म्हणाले. मी मुलाला विचारलं, तुला तुझे कान कसे वाटतात रे? त्याने उत्तराऐवजी दोन्ही कान हलवून दाखवले. वर्गात हे कुणालाच जमत नाही म्हणे. वडिलांचे कान अगदी तसेच होते. मुलगा बाहेर पाणी प्यायला गेला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, बेचाळिसाव्या वर्षी चालतं का हो हे?"

दिवाळीनंतर त्यांचं ऑपरेशन केलं. टाके पाहायला मुलगाही आला होता. बाबांना आता कान हलवता येतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.