रंग चुकला तेव्हा

माझी खाला गोधड्या शिवायची. क्षयाची औषधं सुरू होऊन तीन महिने झाले होते. एके दिवशी ठिगळ हातात धरून तिनं विचारलं, "बाळा, हे लाल की हिरवं?" वय झालं, असं म्हणून आम्ही हसलो. पंधरा दिवसांत तिला सुईचं नेढंच काय, माणसाचा चेहराही धूसर दिसू लागला.

क्षयावर इथॅम्ब्युटॉल हे मोलाचं औषध आहे. पण क्वचित ते दृष्टीच्या मज्जातंतूला इजा करतं. लाल-हिरव्यातला फरक पुसट होणं, ही त्याची सुरुवातीची एक खूण. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. मूत्रपिंडं कमजोर असतील तर धोका वाढतो. खालाची तशी होती. आम्ही ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी तेवढं औषध थांबवलं, बाकीचे उपचार पुरे केले. क्षय बरा झाला. नजर अर्धीच परतली.

औषध स्वतःहून सोडू नका. मात्र रोज एकेक डोळा झाकून रंग आणि अक्षरं पाहा. फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा रंग चुकला, तर हसू नका.