वाहक गजाआड, धनी मोकळा



ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात मांडूळ, खवले मांजर किंवा बिबट्याचे कातडे पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. सापळा रचला, इसमास अटक झाली, मुद्देमाल जप्त झाला, एवढाच त्यांचा मजकूर असतो. माल कोणी मागविला आणि पैसा कोणाचा होता, हे त्यांत क्वचितच आढळते.

हा दोष कायद्याच्या शब्दांचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ५७ नुसार ज्याच्याजवळ माल सापडतो, त्याचा ताबा, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, बेकायदेशीर मानला जातो. पिशवी वाहकाच्या हाती असते. म्हणून हे कलम त्याच्या गळ्यात सहज पडते. परंतु कलम ५२ गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्यालाही गुन्हेगारच मानते. कलम ५८ कंपनीचा कारभार पाहणाऱ्यांना जबाबदार धरते. २००२ च्या दुरुस्तीने या व्यापारातून कमावलेली मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद केली. मात्र ही कलमे लावायची तर बँकेची खाती आणि दूरध्वनीच्या नोंदी तपासाव्या लागतात. ते कष्ट टळले की तपास पिशवीपाशीच थांबतो.

डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीतील एका सदनिकेत वनखात्याला ओरांगउटानासह अनेक विदेशी प्राणी सापडले. बोर्निओ-सुमात्राच्या अरण्यातील हा वानर समुद्र ओलांडून आपल्या पायांनी डोंबिवलीस येत नाही. त्याच्यामागे दलाल, वाहतूकदार आणि ऐपतदार गिऱ्हाईक यांची साखळी असलीच पाहिजे. अशा गिऱ्हाइकांच्या बाबतीत सरकारचा हात किती सैल असतो, हे जून २०२० मध्ये दिसले. विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी सहा महिन्यांत माहिती दिल्यास कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे केंद्राने जाहीर केले. मांडूळ वाहणाऱ्या भूमिहीनाला अशी मुदत कोणी दिली?

गरिबीमुळे गुन्हा क्षम्य ठरतो, असा याचा अर्थ नाही. जंगलाची लूट ही लूटच आहे. परंतु जबाबदारी नफ्याच्या प्रमाणात वर चढली पाहिजे. कलम ५५ अन्वये शासनास रीतसर पूर्वसूचना देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात फिर्याद करता येते. कार्यकर्त्यांनी हा अधिकार वापरावा, अटकेच्या बातमीवर समाधान न मानता खटल्याचा पाठपुरावा करावा आणि प्रत्येक प्रकरणी एकच प्रश्न विचारावा: पिशवी कोणाची होती हे कळले, पैसा कोणाचा होता?