वारा कोणाच्या मालकीचा?



पवनऊर्जेचा विषय निघाला की डेन्मार्कचे नाव येतेच. त्या देशात आज निर्माण होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. त्याचे सारे श्रेय समुद्रावरील वाऱ्याला देऊन चालणार नाही. वारा इतरांच्याही दारात वाहतो. तेथील समाजाने पवनचक्की आपली मानली. ती का मानली, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

१८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याकडून पराभूत होऊन डेन्मार्कने श्लेस्विग आणि होल्स्टाइन गमावले. खचलेल्या समाजाला सावरण्यात ग्रामीण लोकविद्यालयांचा वाटा मोठा होता. आस्कोव्हच्या अशाच विद्यालयातील शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे प्रयोग आरंभिले. प्रयोगशाळा राजधानीत नव्हे, खेड्यात! त्यांचे विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. तेल स्वस्त होते. दहा वर्षांनी ती बंद झाली.

१९७३ च्या तेलसंकटाने डोळे उघडले. देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी चालविण्यासही बंदी घालावी लागली. शासनाचा कल अणुऊर्जेकडे होता. लोकांनी मात्र निराळी वाट धरली. सुतार, लोहार, शिक्षक पवनचक्क्या बनवू लागले. १९७९ पासून शासनाने उभारणीच्या खर्चाचा तीस टक्के भार उचलला आणि १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जा नियोजनातूनच वगळली.

खरे मर्म पुढे आहे. गावकरी एकत्र येऊन आपल्या वीजवापराच्या प्रमाणात भाग घेत आणि पवनचक्की उभारीत. भागधारक परिसरातलाच असावा, असा दंडक होता. सहकारी साखर कारखाना पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एक लाखाहून अधिक कुटुंबे अशी भागीदार झाली. पात्यांची घरघर तीच. पण आपला भाग असलेल्या यंत्राची घरघर माणूस सहन करतो.

कोपनहेगनसमोरील मिडलग्रुंडन प्रकल्पात प्रथम २७ पवनचक्क्या तीन रांगांत योजिल्या होत्या. नागरिकांच्या हरकतींनंतर त्या २० झाल्या आणि एकाच वक्ररेषेत उभ्या राहिल्या. निम्मी मालकी सहकारी संस्थेकडे आली.

पुढे यंत्रे प्रचंड झाली, भांडवल बाहेरून येऊ लागले आणि ज्या देशाने पवनचक्कीला लळा लावला, तेथेच गावोगावी विरोध सुरू झाला. २००८ च्या कायद्याने प्रकल्पातील वीस टक्के भाग स्थानिकांना देऊ करणे बंधनकारक केले. २०२० मध्ये ती तरतूद जाऊन शेजाऱ्यांना वार्षिक मोबदला देण्याची योजना आली. मोबदला घेणारा आणि भागधारक यांत अंतर असते, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आपल्या साताऱ्यातील वनकुसवडेचे पठार आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. आपल्याकडील बहुतेक पवनचक्क्या घसारा-सवलतीसाठी आलेल्या दूरच्या उद्योगांच्या पैशांतून उभ्या राहिल्या. जमीन विकणाऱ्याला किंमत एकदाच मिळते. पाती मात्र वीस-पंचवीस वर्षे फिरतात. जुन्या यंत्रांच्या जागी मोठी यंत्रे बसविण्याचे केंद्राचे धोरण २०१६ पासून आहे. ते नवे करार होताना पठारावरील ग्रामसभेपुढे भागभांडवलाचा प्रस्ताव ठेवला जाणार की नाही, हे आताच विचारले पाहिजे.