नक्कलकाराच्या हाती किल्ल्या किती?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग जलमय झाला. अशा प्रसंगी तळमजल्यावरचा संगणक बुडाला, तरी जिच्या हिशेबाची प्रत परगावी सुरक्षित आहे ती पेढी तरते.

जाळ्यातील संगणकांवरून अशा प्रती काढणाऱ्या बॅकअप प्रणालीस एक स्वतंत्र खाते द्यावे लागते. त्यास सर्व्हिस अकाउंट म्हणतात. हे खाते म्हणजे पेढीवरचा नक्कलकार कारकून होय. त्याला चोपड्या वाचावयास मिळाल्या की पुरे. तिजोरीच्या किल्ल्या कशास हव्यात? परंतु एखादे रात्री प्रत निघाली नाही, की आपण त्रासून त्यास प्रशासकाचे सर्वाधिकार देऊन मोकळे होतो. मग त्याचा परवलीचा शब्द चोराच्या हाती लागला, तर मूळ चोपडी जाते आणि नक्कलही जाते!

कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर या संशोधकांनी १९७५ मध्येच मांडले आहे. विंडोजमध्ये प्रत काढण्याचा आणि ती परत बसविण्याचा, असे दोन अधिकार निरनिराळे आहेत; 'बॅकअप ऑपरेटर्स' या गटास मात्र दोन्ही एकदम मिळतात. म्हणून शक्य तेथे रोजच्या खात्यास पहिलाच अधिकार द्यावा, त्यास संगणकासमोर बसून प्रवेश करण्याची मनाई करावी, आणि जुन्या प्रती पुसण्याची मुभा तर मुळीच देऊ नये.

पुराचे पाणी ओसरते. आपणच दिलेली किल्ली मात्र मागून घ्यावी लागते.