चढाई करणाऱ्या गड्याची ढब

दिवाळी सरली आणि धानाची कापणी आटोपली, कीं आमच्या झाडीपट्टींत रात्रींना निराळेंच तेज चढतें. चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांतील गांवांत मंडईचे दिवस येतात. एका बाजूला नाटकाचा मंडप उभा राहतो आणि तेथें पहाटेपर्यंत प्रयोग चालतो. दुसऱ्या बाजूला, कापणी झालेल्या एखाद्या बांधींत पाणी शिंपून माती चोपतात, चुन्याच्या रेघा ओढतात आणि कबड्डीचें मैदान तयार होतें. घोंगडी पांघरलेले म्हातारे शेकोटी सोडून तेथें येऊन बसतात. गडी मध्यरेषा ओलांडतो, दम धरतो. उजेड अंधुक असतो, चेहरा नीट दिसत नाहीं. तरी त्या म्हाताऱ्यांपैकीं कोणीतरी दोन पावलांतच सांगतो, कीं हा अमक्याचा मुलगा. तो आवाजावरून ओळखीत नाहीं, चालीवरून ओळखतो.

ही जी चालीवरून पटणारी ओळख, तिलाच आपण खेळाडूची ढब म्हणतों. ती कशानें बनते, याविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. मीं तीस वर्षें शाळेंत मुलांना हा खेळ शिकविला. त्या काळांत एका मुलाच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावांचून हें भाषण मला पुरें करतां येणार नाहीं.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं हा खेळ हुतुतू या नांवानें पाहिला असेल. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं तो जगाला दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याला पदकाचें स्थान मिळालें. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा, तिच्यापुढें एक मीटरावर बोनसरेषा. एका दमांत, ३० सेकंदांच्या आंत, एकट्यानें सातांच्या अंगणांत जावयाचें, कोणाला तरी शिवावयाचें आणि परत यावयाचें. एवढाच काय तो खेळ. पण 'परत यावयाचें' या दोन शब्दांत सारी विद्या सांठविलेली आहे.

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ खेळतात, तो आपल्या फुटबॉलहून अगदीं भिन्न. त्यांत चेंडू छातीशीं कवटाळून प्रतिपक्षाच्या घोळक्यांतून धांवणारा एक गडी असतो. आपल्याकडे गवयांच्या घराण्यांविषयीं जसें बोलतात, तसें तिकडील रसिक या गड्याच्या धांवण्याविषयीं बोलतात. जिम ब्राउन हा १९५७ ते १९६५ अशीं नऊ वर्षें खेळला. आडव्या येणाऱ्याला तो अंगाच्या जोरानें झुगारून देई. बॅरी सँडर्स १९८९ पासून १९९८ पर्यंत खेळला. उंची अवघी पांच फूट आठ इंच. पण पकडणाऱ्याच्या हातांत तो जवळजवळ येई आणि ऐन वेळीं तेथें नसे. दोघांची रीत परस्परांच्या उलट, आणि दोघेही थोर. परंतु त्या धांवणाऱ्याचे सोबती पुढें राहून त्याला वाट मोकळी करून देतात. आमच्या चढाई करणाऱ्याला वाट करून देणारा कोणी नसतो. म्हणून ढब म्हणजे काय, हें पाहावयाचें तर तें येथें अधिक उघडपणें दिसतें, असें मला वाटतें.

पहिली गोष्ट दृष्टीची. नवशिका गडी समोरच्याचे हात पाहतो, कारण पकडणार ते हात, असें त्याला वाटतें. पण हात फसवितात, कमर सहसा फसवीत नाहीं. ज्या बाजूला झेप घ्यावयाची, त्या बाजूला पकडणाऱ्याचा भार आधीं सरकतो, टाच किंचित् उचलली जाते. जाणता गडी तेवढें टिपतो. शिवाय दोन्ही कोपरे त्याला एकाच वेळीं डोळ्यांत ठेवावे लागतात. कारण घोट्याची पकड बहुधा कोपऱ्यांतून येते, आणि ती घालणारा ऐन क्षणापर्यंत आळसावल्यासारखा उभा असतो.

दुसरी गोष्ट भाराची आणि गतीची. कमर खालीं, गुडघे सैल, अंगाचा भार चवड्यांवर. ज्याचा भार टाचांवर गेला त्याची दिशा बदलण्याची शक्तीच गेली. थोर गडी सर्वांत वेगवान असतोच असें नाहीं. तो वेग बदलण्यांत निष्णात असतो. संथ चालीनें तो समोरच्यांनाही संथ करतो, आणि ते सैल पडतांच एक पाऊल असें टाकतो कीं तेंच पुरतें.

तिसरी गोष्ट पकडला गेल्यानंतरची. पाय धरला गेला तरी दम सुटलेला नसतो. हात मध्यरेषेला लागला कीं धरणारे सारे बाद. अशा वेळीं कोणी उसळी घेतो, कोणी अंग पिळून काढतो, कोणी जमिनीला चिकटून रेषेकडे सरपटतो. अडचणींत सापडलेलें शरीर जें आपसुख करतें, तींच त्या गड्याची खरी सही होय.

नामांकित गड्यांकडे पाहिलें तर हें स्पष्ट होतें. परदीप नरवाल यानें २०१७ च्या व्यावसायिक हंगामांत चढाईचे ३६९ गुण मिळविले. दोघांनीं हात गुंफून साखळी केली, कीं तिच्याखालून वांकून निसटण्याची त्याची 'डुबकी' प्रसिद्ध झाली. अजय ठाकूर याची रीत उलट. तो बेडकासारखी उडी घेऊन वरून जाई. २०१६ सालीं अहमदाबादेस विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इराणविरुद्ध त्याच्या चढायांनीं खेळ फिरला. त्याच संघाचा नायक अनुप कुमार ना डुबकी मारी, ना उडी. शांतपणें पाय लांबवून बोनसचा गुण घेई आणि परत येई. तिघांचा खेळ एकच. पण एकाची ढब दुसऱ्यावर चढविली असती, तर तिघेही सामान्य ठरले असते.

जमिनीचाही ढबींत वांटा असतो. मातीवर अनवाणी पाऊल थोडें घसरतें; म्हणून मातींत वाढलेला मुलगा वळण्याआधीं भार हलवावयास शिकतो, लहान लहान पावलें टाकतो. मॅटवर बूट घट्ट धरतो. तेथें झटका तीव्र घेतां येतो, पण त्याच झटक्याचा ताण गुडघ्यावर येतो. आमच्या खेड्यांतील मुलें मातींत शिकतात आणि त्यांची परीक्षा मात्र मॅटवर होते. पडद्यावर पाहिलेली डुबकी दुसऱ्याच दिवशीं मारूं पाहणारीं आणि गुडघा धरून बसलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. भामरागडच्या बाजूचा एक मुलगा आमच्या शाळेंत आला. घरची भाषा माडिया. वर्गांत तो फारसा बोलत नसे. मैदानावर त्याची रीत मोठी विचित्र होती. दम धरून तो आंत जाई आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नुसता आडवा चाले. वीस सेकंद कांहीं म्हणून करीत नसे. मग अकस्मात् त्याचा पाय मागें जाई, कोपऱ्यांतल्या गड्याच्या पायाला अंगठा लागे, आणि हा परत आलेला असे.

मला तो आळस वाटला. मीं त्याला बजावलें, "पहिल्या दहा सेकंदांत घुसलें पाहिजे." तो आज्ञाधारक होता; त्यानें ऐकलें. दोन महिन्यांत तो इतर दहा मुलांसारखा खेळूं लागला. पुढें निवडीच्या दिवशीं त्याला चार चढाया मिळाल्या. तीन वेळां तो पकडला गेला. त्याचें नांव यादींत आलें नाहीं. त्या साली धान कापणीला तो घरीं गेला, तो शाळेंत परत आला नाहीं.

कित्येक वर्षांनीं वैनगंगेकांठच्या एका गांवीं मंडईच्या रात्रीं मी मैदानाशीं उभा होतों. एक तरणाबांड गडी आंत आला आणि आडवा चालूं लागला. माझ्या छातींत धस्स झालें. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "गुरुजी, तो पोरगा थांबते, म्हणून तर सुटते."

त्या एका वाक्यानें मला जें उमगलें, तें तीस वर्षांच्या अनुभवानें उमगलें नव्हतें. चढाईचा पूर्वार्ध चढाई करणाऱ्याच्या मालकीचा असतो. वेळ संपत आला, कीं आतां हा येणारच, असें समजून पकडणारे आपण होऊन पाऊलभर पुढें सरकतात. तो मुलगा त्या पावलाची वाट पाहत असे. मीं ज्याला आळस म्हटलें, तो हिशेब होता. आणि मीं तो हिशेबच त्याच्याकडून काढून घेतला होता.

सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला, वांकून नमस्कार केला आणि हंसून म्हणाला, "गुरुजी, मी अजून थांबतोच." त्याच्या बोलण्यांत रोष नव्हता. असता तर मला बरें वाटलें असतें.

आपण सुशिक्षित मंडळी आहांत. आपल्या घरांत मुलें आहेत, आपल्यापैकीं कोणी शिक्षक असतील, कोणी निवड करणारेही असतील. निवडीच्या दिवशीं चारच चढाया मिळतात, आणि थांबणाऱ्या मुलाला चार चढाया अपुऱ्या पडतात. रानांतल्या वाडीवरून एस. टी. नें दिवसभर प्रवास करून आलेल्या मुलाला तो दिवस पुन्हां मिळत नाहीं. कमर खालीं ठेवणें, भार चवड्यावर घेणें, कोपऱ्यावर नजर ठेवणें, हें अवश्य शिकवावें. तें सर्वांचें आहे. परंतु मुलाची चाल सुधारण्यापूर्वीं, ती तशी कां आहे, हें त्याला एकदां विचारावें. तो सांगूं शकला नाहीं, तर आणखी दहा चढाया पाहाव्या. मीं त्या पाहिल्या नाहींत, एवढेंच मला आज सांगावयाचें होतें.