पाण्यातलं उभं पीक

(देऊळगाव राजा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मी संयोजकांना विषय कळवला, 'जलाशयातली जाळी आणि आपली बोट'. त्यांनी फोनवर विचारलं, "जाळी म्हणजे कोळ्याची का?" म्हटलं, भिंतीवरच्या कोळ्याची नाही, आपल्या भोयांची. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "लोक येतील का?" तुम्ही आलात, आभार.

आपला जिल्हा पाण्यासाठी प्रसिद्ध नाही. प्रसिद्ध आहे ते लोणार, २०२० पासून रामसर यादीतलं. पण त्या खारट पाण्यात मासेमारी नाही, म्हणून जाळंही नाही. जाळी आहेत ती आपल्या उशाशी, संत चोखासागरात. नाव दिलंय ते याच तालुक्यातल्या मेहुणा राजाच्या चोखोबांचं. आपण मात्र अजून 'खडकपूर्णा'च म्हणतो. बाहेरच्या पाहुण्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवतो: नांदुऱ्याकडची पूर्णा तापीला जाते, आपली ही येलदरीवरून गोदावरीला. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही.

तर चोखासागर, पेनटाकळी, नळगंगा अशा जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्था घेतात. माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतात. कटला, रोहू, मृगळ वाढायला वेळ जातो, आणि तोवर ते पीक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. शेतातला हरभरा दिसतो, म्हणून आपण बांधावरून जातो. पाण्याला बांध नसतो. मोकळं दिसलं की बोट नाकासमोर सोडायची, ही आपली समजूत. माझीही होती.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातली सकाळ, आम्ही चौघं पक्षी मोजायला निघालो होतो. मशीनची छोटी बोट. जलाशय कुठला ते सांगत नाही, कारण चूक जलाशयाची नव्हती. समोर चक्रांगांचा थवा बसलेला, दुर्बीण माझ्या डोळ्याला. पाण्यावर थंड पेयाची एक रिकामी बाटली तरंगत होती. मी तिला कचरा समजलो, वर लोकांच्या बेशिस्तीवर दोन वाक्यंही बोललो. पुढे पन्नासेक पावलांवर तशीच दुसरी बाटली होती. आम्ही बरोबर त्या दोघींच्या मधून गेलो. मशीनचा आवाज एकदम जाड झाला, गुरगुरला आणि थांबला.

मग आम्ही केलं ते कुणीही करील: काय अडकलं ते बघायला चौघंही मागे सरकलो. मशीनच्या वजनानं बोटीची मागची कड आधीच सगळ्यांत खाली असते. त्यात चार माणसं. वारा मागून होता, जाळं नांगरासारखं धरून होतं, आणि पाणी फळीवरून आत आलं. बुटांत थंड लागलं तेव्हा कळलं. मी मशीनची दोरी ओढायला हात घातला, तेवढ्यात काठाकडून हाक आली: "मशीन नका चालू करू सर! पुढं सरका, पुढं सरका!"

थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून, हातातल्या फळीनं पाणी मारत एक भोई आला. साठीचा असेल. जाळं त्याचंच होतं. त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीन वर उचलायला लावलं आणि पंखा हातानं उलटा फिरवायला लागला. मी खिशातला चाकू पुढे केला. म्हणाला, "काहून घाई करता? आलं तसं जाईल." जाळं ज्या दिशेनं गुंडाळलं गेलं होतं, त्याच्या उलट एकेक वेढा. अर्धा तास गेला. निघालं नाही तेवढंच, चार-पाच ठिकाणी, त्यानं कापलं. मग ओलं जाळं मांडीवर घेऊन बोटांनी चाचपत फाटलेली घरं मोजली. बावीस. आम्ही पैसे देऊ केले, त्यानं घेतले, आणि मला ते बरं वाटलं. फुकट माफ केलं असतं तर मी ती बाटली विसरलो असतो.

त्या बाटल्या काय होत्या, हे त्यानंच सांगितलं. ते फासजाळं. पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं: वरच्या दोरीला तरंगणारं काहीतरी, खालच्या दोरीला शिशाचे मणी किंवा नुसते दगड. माशाचं डोकं घरात शिरतं, अंग शिरत नाही, मागे वळायला जावं तर कल्ले अडकतात. धागा तंगूसचा, म्हणजे एकपदरी नायलॉन. पाण्यात तो माशाला दिसत नाही, मग आपल्याला कुठून दिसणार? संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात. म्हणजे ऊन तिरपं आणि पाणी चकाकतं, नेमकी तीच वेळ जाळ्याची, आणि तीच आपली फिरायची.

तेव्हा पहिली गोष्ट: पाण्यावर एक बाटली, डबा किंवा थर्माकोलचा तुकडा दिसला आणि तो वाऱ्यानं हलत नसेल, तर तो कचरा नाही. वाहून जाणारा कचरा हलतो. बांधलेला जागेवर डुलतो. वेग कमी करा आणि त्याचा जोडीदार शोधा. दोन खुणांच्या मधून कधी जाऊ नका. टोकाच्या खुणेच्या बाहेरून, चांगलं अंतर ठेवून वळसा घ्या. जोडीदार सापडलाच नाही तर काठावर कुणी असेल त्याला ओरडून विचारा. यात कमीपणा कसला? रस्ता चुकल्यावर आपण पानटपरीवर विचारतोच.

आणि अडकलंच, तर मशीन लगेच बंद. रेस देऊन सुटेल असं वाटतं. सुटत नाही, घट्ट होतं. तंगूस पंख्यामागे दांड्यावर चढतो आणि तिथलं तेल धरून ठेवणारं सील कापतो. तेल बाहेर, पाणी आत. त्या दिवशी कळत नाही. काही दिवसांनी गिअर जातो तेव्हा कळतं. माणसांनी मध्यभागी खाली बसावं. वल्हं असेल तर बोटीचं तोंड वाऱ्याकडे करावं. मागे एकानंच जावं. पाण्यात उतरून सोडवायला तर कुणीच जाऊ नये. पट्टीचा पोहणाराही नाही, कारण तंगूस शर्टाच्या गुंडीला, चपलेच्या पट्ट्याला, बोटातल्या अंगठीला धरतो आणि हिसका दिला की आणखी आवळतो.

९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात अकरा तरुण एका नावेत होते, आठ बुडाले. फोटो काढण्याच्या नादात नाव कलंडली, असं तेव्हा सांगितलं गेलं. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळात उलटली; सहा जण गेले, एक पोहून काठाला लागला. या दोन्ही घटनांत जाळ्याचा दोष नव्हता. मी त्या सांगतो, कारण जाळ्यात अडकलेली बोट या दोन्ही संकटांना आपणहून बोलावते: माणसं एका बाजूला गोळा होतात, आणि वारा आला तर बोटीला हलता येत नाही. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग काळवंडले की काठ गाठायला आपल्याकडे किती वेळ असतो, ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. म्हणून लाइफ जॅकेट निघताना बोटीत टाकायचं नसतं, अंगात घालायचं असतं.

समुद्रावर याचे नियम ठरलेले आहेत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या जहाजाच्या वाटेतून मशीनवर चालणाऱ्या जहाजानं बाजूला व्हायचं आहे. रात्री त्या जहाजावर दिवे कोणत्या रंगाचे, हेही ठरलेलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगनसारख्या अफाट सरोवरांत मोठ्या जाळ्यांवर काठीला झेंडे असतात. आपल्याकडे यंत्रावर चालणाऱ्या देशांतर्गत जलयानांसाठी २०२१ चा कायदा आला, १९१७ चा गेला. पण कायदा चोखासागराच्या पाण्यापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर आपल्यालाच काहीतरी ठरवावं लागेल.

आणि इथे मला मच्छीमार बंधूंशीही भांडायचं आहे. संस्थेचे काही सभासद मागे बसलेले दिसतात. तुम्ही जाळ्याला हिरवी बाटली बांधता, कारण लांबून दिसली तर जाळं चोरीला जातं. खरं आहे, जातं. पण तीच बाटली रेतीचोरांच्या मागावर अंधारात निघालेल्या महसूल पथकालाही दिसत नाही, आणि विहिरीवरची मोटर बघायला निघालेल्या शेतकऱ्यालाही नाही. फाटलेलं जाळं पाण्यात सोडून देणं तर मला अजिबात पटत नाही. तंगूस कुजत नाही. मालक विसरतो, जाळं मासे धरतच राहतं. पाणकावळे त्यात बुडून मेलेले मी पाहिले आहेत. फाटलेलं जाळं काठावर आणा, काठावर जाळूही नका, भंगारात द्या.

दाराशी टेबलावर केशरी कापडाचे तुकडे ठेवले आहेत, हातभर लांबीचे. ज्यांचं जाळं पाण्यात आहे त्यांनी जाताना चार-चार न्यावेत आणि दोन्ही टोकांच्या डब्यांवर हातभर काठी उभी करून बांधावेत. पैसे नकोत. आणि बोटवाल्यांनी केशरी दिसलं की वळसा घ्यावा.