तंट्याचें रहाटगाडगें

श्रोतेहो, कोठें दंगा झाला कीं आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : पहिला दगड कोणीं मारला? न्यायालयानें तो विचारलाच पाहिजे व अपराध्यास शासनही झालें पाहिजे. परंतु पुढचा दंगा टाळावयाचा असेल, तर तेवढ्यानें भागत नाहीं.

आपल्या अमरावतीचेंच पाहा. १२ नोव्हेंबर २०२१ रोजीं त्रिपुरांतील घटनांच्या निषेधार्थ येथें मोर्चा निघाला व दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीं त्या दगडफेकीच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला. त्यांतही हिंसाचार झाला. मग संचारबंदी आली. एका निषेधांतून दुसरा निषेध आणि एका दंग्यांतून दुसरा दंगा निपजला! पुढें मे २०२३ मध्यें अकोल्याच्या जुन्या शहरांत समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली व एकाचा जीव गेला.

विहिरीवरचें रहाटगाडगें आठवा. वर रितें झालेलें गाडगें खालीं जाऊन पुन्हां भरून येतें. तंट्याचेंही तसेंच आहे. अफवेनें भय, भयानें हिंसा, हिंसेनें दुरावा. आणि ज्यांचें येणें-जाणें तुटलें, त्यांस पुढची अफवा अधिकच खरी वाटते. एखादें गाडगें फोडल्यानें रहाट थांबत नाहीं.

मग हात कोठें घालावा? भिवंडीचें उदाहरण बोधप्रद आहे. १९८४ सालीं तेथें भीषण दंगल झाली. त्यानंतर १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील साधे रहिवासी पोलिसांसह एकत्र बसूं लागले व लहानसहान भांडणें तेथेंच मिटूं लागलीं. १९९२-९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी मात्र शांत राहिली. त्यांनीं रहाटाचा दुराव्याचा भाग धरला होता.

खेड्यांतील धुऱ्याबांधाचे तंटे गांवांतच मिटावे म्हणून २००७ सालीं शासनानें तंटामुक्त गांव मोहीम काढली. शहरांत मात्र शांततेच्या बैठका बहुधा सणाच्या तोंडावर भरतात. कांहींच घडलेलें नसतें, तेव्हां बसणें हेंच खरें काम आहे.

श्रोतेहो, आज रात्रीं एखादी भयंकर वार्ता कानीं आली, तर पलीकडच्या मोहल्ल्यांतील कोणाचें दार ठोठावून तुम्ही तिची शहानिशा कराल? एकही नांव आठवत नसेल, तर कार्यास तेथूनच आरंभ करावा.